कोतवालाचा पहिला घास

जडाव, तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. माणसांनी भरलेलं घर आता रिकामं होत चाललंय. चंपा काल कळंबला सासरी परत गेली. जाताना म्हणाली, "बापूजी, दार नीट लावून घ्या." मी दार तीन-तीनदा लावून बघतो हे माहीत असूनही म्हणाली. तुझीच मुलगी ती.

भेटायला येणारा प्रत्येकजण तुझे उपास मोजतो. अमुक साली अठाई केली, सलग आठ दिवस अन्न घेतलं नाही, तमुक चौमाशात एकाआड एक दिवस जेवली, मोठी तपस्वी बाई. मी मान डोलावतो. त्या मोजणीत एक सात दिवसांचा उपास कोणीच धरत नाही, कारण तो तू कोणाला कळू दिला नव्हतास. तो तुला माहीत आणि मला माहीत, असं मी कालपर्यंत धरून होतो. त्या उपासाबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे. नऊ वर्षं बोलायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मीच बोललो नाही. रोज वाटायचं, आज सांगून टाकावं. मग वाटायचं, सांगितलं तर ही काय म्हणेल. आणि मी आपला दुकानात जाऊन बसायचो. आता तू काही म्हणणार नाहीस, म्हणून लिहायला बसलोय.

सुरुवात त्या कडुलिंबाच्या फांदीपासून करतो. जुन्नरच्या आपल्या दुकानापुढे पावसाआधी पत्रा टाकायचा होता आणि फांदी आड येत होती. बाजारचा दिवस होता. बोरी बुद्रुकचा सखाराम गाडीतून बाजरीची पोती उतरवून पानाला चुना लावत बसला होता. मी त्याला म्हटलं, जरा वर चढ आणि एवढी फांदी उतरव. तो चढला तसे दोन काळे पक्षी त्याच्या मुंडाशावर तुटून पडले.

"शेठ, वर कोतवालाचं घरटं हाय," तो वरूनच ओरडला. "पिलं हायेत. पंधरा दीस जाऊ द्या की!"

पंधरा दिवसांत पाऊस आला तर? पोती भिजली तर? भिजलेल्या धान्यात किडे झाले तर? माझ्या डोक्यात एकदा हे 'तर' सुरू झालं की थांबत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "घरट्यासकट अलगद उतरव. दुसऱ्या फांदीला बांधू." सखारामनं माझ्याकडे बघितलं आणि कोयता चालवला. फांदी अलगद उतरली नाही.

आवाज ऐकून तू बाहेर आलीस. तीन पिलं होती. दोन जागीच गेली होती. तिसरं मातीत पडून तोंड वासत होतं. एवढ्याशा देहाला केवढं ते तोंड, आतून सगळं लालभडक. तू मला एक शब्द बोलली नाहीस. पदर पसरलास आणि त्याला उचललंस. बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

त्याला टोपलीत ठेवून उरलेल्या फांदीला बांधलं. आईबाप दिवसभर ओरडत घिरट्या घालत राहिले, पण टोपलीपाशी येईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली मांजर बसलेलं दिसलं. तू टोपली काढून आत आणलीस आणि म्हणालीस, "आता उडून जाईपर्यंत हा आपल्याकडे."

घरात आलेला जीव घरचंच खाणार, यात तुला काही शंकाच नव्हती. मुगाची डाळ भिजवायची, वाटायची, दुधात कालवायची आणि कापसाच्या वातीनं त्याच्या तोंडात सोडायची. पाणी गाळलेलं, उकळून निववलेलं, थेंबाथेंबानं. सूर्य मावळला की सगळं बंद, म्हणजे कोतवालालाही आपल्यासारखाच नियम. शेजारणी हसायच्या. मला हसू येत नव्हतं, कारण पिलू वाळत चाललं होतं. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं, मान वर धरेना. मी दर थोड्या वेळानं दुकानातून आत यायचो, टोपलीत वाकायचो, श्वास चालतोय का बघायचो आणि परत जायचो. गिऱ्हाईक हुलगे मागायचं आणि मी मटकी घालायचो.

त्याच दिवशी सखाराम पत्रा ठोकायला आला. त्यानं टोपलीत डोकावून बघितलं.

"शेठ, हे पाखरू डाळीवर न्हाई जगायचं. ह्याला नाकतोडं लागत्यात, किडं लागत्यात. कोतवाल हाय त्यो, शेठ न्हवं."

तू उंबऱ्यात उभी होतीस. तुला बघून त्यानं मान खाली घातली. "शेठाणी, म्या आनून दिऊ का? तुमाला पाप न्हाई लागायचं. मारनार म्या."

"आपण केलं काय, दुसऱ्याकडून करवलं काय आणि दुसऱ्यानं केलेलं बरं मानलं काय, तिन्ही एकच, सखाराम," तू म्हणालीस. त्याला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर त्या घडीला मलाही पटलं नाही.

तो गेल्यावर आपलं वाजलं. मी म्हटलं, "मग मरू द्यायचं का त्याला?"

"असं मी म्हटलं का?"

"मग जगवायचं कसं ते सांग."

"रोज वीस जीव मारायचे आणि एक जगवायचा, ही कसली दया? तुम्हीच सांगा."

"त्या विसांची फांदी मी तोडली नव्हती," मी म्हटलं. "ह्याची तोडली."

तू टोपलीशी जाऊन बसलीस. मी दुकानात गेलो. ते भांडण तिथेच अर्धं राहिलं. तुझ्याकडे उत्तर नव्हतं आणि असल्याचा आव तू आणला नाहीस. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर काढलं, आणि ते तुझ्यापासून लपवलं.

सांगतो. तू रोज सकाळी सामायिकाला बसायचीस, दोन घटका ध्यानात, भिंतीकडे तोंड करून. त्या वेळात तू उठणार नाहीस, हे ठरलेलं. मी तपकिरीची डबी कागदावर रिकामी केली आणि मागच्या दारानं कडब्याच्या गंजीपाशी गेलो. धोतराचा सोगा खोचलेला, चाळिशी उलटलेला भुसार दुकानदार कडब्यावर नाकतोड्यांमागे उड्या मारतोय, हे कोणी बघितलं असतं तर मला पेठेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. पहिला नाकतोडा तीनदा निसटला. चौथ्यांदा सापडला तो डबीत घातला. डबीला आत तपकीर चिकटलेली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पिलानं तो गिळला आणि मान झटकून शिंकायला लागलं. शिंका थांबेनात. माझी पाचावर धारण बसली. दोन मारली होती, हे तिसरंही मीच मारलं, आणि तेही तपकिरीनं! मग ते थांबलं, माझ्याकडे बघितलं आणि परत तोंड वासलं.

त्या दिवशी मी पाच पकडले. दुसऱ्या दिवशी डबी पुसून घेतली. जिवंत नाकतोडा चिमटीत पाय झाडतो तेव्हा तो बोटांना कळतो, जडाव. पहिल्या दिवशी माझी बोटं थरथरत होती. आठवड्यानं थरथरेनाशी झाली, आणि मला त्याची जास्त भीती वाटली.

पिलानं जीव धरला. पिसं आली, शेपटीला दोन टोकं फुटली. तुला वाटलं मुगाची डाळ लागू पडली. स्थानकात प्रवचनाला गेलीस की तू बायकांना सांगायचीस, "मुगावर वाढला हो आमचा कोतवाल." बायका कौतुकानं बघायला यायच्या. एकीनं तर आपल्या अशक्त नातवाला तसंच मूग वाटून द्यायला सुरुवात केली. मी दुकानात गल्ल्यावर बसून हे ऐकायचो आणि मान वर करायचो नाही. तुला खोटं पाडायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि तुझ्या तोंडून खोटं वदवतोय याची लाजही वाटत होती.

त्याला उडता यायला लागलं तशी माझी काळजी दुप्पट झाली. टोपलीत होता तोवर निदान कुठे आहे ते कळत होतं. आता तो अंगणातल्या दोरीवर, तिथून पत्र्यावर, तिथून दुकानातल्या तराजूच्या दांडीवर. तो दांडीवर बसला की तराजू एका अंगाला झुकायचा आणि मी गिऱ्हाइकासमोर ओशाळा व्हायचो. कावळा दिसला की हा त्याच्या पाठीवर झेप घ्यायचा. कावळे आठ-दहा आणि हा एकटा. मी खाली टाळ्या वाजवत पळायचो. तू ओसरीवरून म्हणायचीस, "अहो, त्याला तुमची गरज नाही. बसा." मी बसायचो, पण डोळे वरच.

खायचं मात्र तो काही केल्या स्वतः शिकेना. श्रावण आला, त्याच्या जोडीचे कोतवाल गुरांच्या पाठीवरून हवेतच किडे टिपत होते, आणि आपला हा पठ्ठ्या माझ्या खांद्यावर बसून कानात किंचाळायचा, पंख फडफडवून तोंड वासायचा. नाकतोडा समोर उडाला तर मान वळवून बघायचा आणि परत माझ्याकडे तोंड. सखाराम बाजारला आला तेव्हा म्हणाला, "दोन-चार दीस उपाशी ठिवा त्याला, शेठ. भूक लागली की आपसूक झेपावंल. आत्ता कशाला झेपावंल त्यो? हितं समदं तोंडात येतंय."

मला ते ऐकवेना. मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं? तुलाच ते चालणार नाही असं मी धरलं होतं. पण तू म्हणालीस, "सखाराम बरोबर म्हणतो. उद्यापासून मी त्याला काही देणार नाही. आणि तो स्वतःच्या चोचीनं पहिला घास घेईपर्यंत मीही अन्न घेणार नाही."

आपल्यात मनाशी अशी खूणगाठ बांधून उपास धरतात, ते मला नवीन नव्हतं. पण असली खूणगाठ मी कधी ऐकली नव्हती. मी तुला अडवायला वाद घातला. म्हटलं, "म्हणजे तू हिंसेचीच वाट बघत उपाशी बसणार?"

"मी त्याची वाट बघते," तू म्हणालीस. "तो काय खातो ते त्याचं आणि त्याच्या कर्माचं."

जडाव, इथून पुढचं लिहायला मला अवघड जातंय.

पहिल्या दिवशी तू उकळलेल्या पाण्यावर राहिलीस आणि कोतवाल ओरडत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू सामायिकाला बसलीस, आणि मी डबी घेऊन गंजीपाशी गेलो. एकच, एवढाच, आजच्या दिवस, असं म्हणत सहा पकडले. तिसऱ्या दिवशीही तेच. मला समोर दिसत होतं, मी भरवतोय तोवर तो शिकणार नाही, आणि तो शिकत नाही तोवर तू जेवणार नाहीस. एवढं सरळ गणित. आणि तरी सकाळ झाली की माझा हात डबीकडे जायचा. त्याला न भरवावं तर तो मरेल, ही एक भीती. भरवावं तर तू मरशील, ही दुसरी. दोन्हीमध्ये माझा जीव टांगणीला लागला होता आणि मी दोन्ही हातांनी दोरी ओढत होतो. दुपारी तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं टाळायचो. तू मात्र रोजची सगळी कामं करत होतीस, माझं ताट वाढत होतीस. तू वाढलेलं मला जेववत नव्हतं, पण उरवलं तर तू विचारशील म्हणून सगळं संपवत होतो.

चौथ्या दिवशी दुपारी तो तुझ्या खांद्यावर बसला आणि ओरडायला लागला. तू त्याच्या पाठीवरून एक बोट फिरवलंस, एवढंच. आणि मी भडकलो. कोणावर भडकायला हवं होतं ते मला ठाऊक होतं, म्हणूनच तुझ्यावर भडकलो.

"असे लाड केल्यावर तो काय शिकणार?" मी म्हटलं. "चंपाच्या वेळीही हेच केलंस. अकरा वर्षांची पोर सासरी गेली आणि तू प्रत्येक गाडीबरोबर कळंबला डबे धाडत राहिलीस. तिच्या सासूनं निरोप पाठवला, आता पुरे, तिला इथलं गोड लागू द्या. तुला पोसता येतं. सोडता येत नाही."

तुझा हात थांबला. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता ही बोलेल. तू पदर सारखा केलास आणि आत गेलीस. थोड्या वेळानं आतून जात्याचा आवाज आला. चार दिवसांची उपाशी बाई दळायला बसली होती. मी बाहेर उभा राहिलो, आत आलो नाही.

पाचव्या दिवशी सकाळीही मी भरवलं. तेवढं होऊनही! सहाव्या दिवशी पहाटे तू विहिरीवरून घागर घेऊन येताना अंगणात खाली बसलीस. पडली नाहीस, बसलीस, पण घागर फुटली. मी धावलो तर म्हणालीस, "काही नाही, जरा डोळ्यांपुढे आलं." तुझे ओठ पांढरे झाले होते. तुला ओसरीवर आणून बसवलं आणि मी मागच्या दारी जाऊन डबीत तपकीर भरून टाकली, काठोकाठ, म्हणजे दुसरं काही घालायला जागाच उरू नये. मोठा निश्चय वगैरे नव्हता तो. नुसती भीती होती.

त्या दिवशी कोतवाल माझ्यामागे ओरडत फिरला. सगळ्या घरभर. मी दुकानात गेलो तर दुकानात, मागच्या दारी गेलो तर मागच्या दारी. मी कानावर उपरणं गुंडाळून बसलो. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, दाढ दुखती का?" मी हो म्हटलं.

सातवा दिवस बाजारचा. सकाळपासून त्याचा आवाज बसला होता. दोरीवर अंग फुगवून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. मी मनात म्हटलं, संपलं. सखारामची गाडी दारात आली, त्यानं बैल सोडले आणि त्यांच्यापुढे कडबा टाकला. पेंढी सोडताना आतून एक मोठा हिरवा नाकतोडा उडाला. कोतवाल दोरीवरून सुटला. हवेतच वळला, टक्क असा आवाज आला, आणि तो बैलाच्या वशिंडावर जाऊन बसला. चोचीत नाकतोडा. पायाखाली धरून त्यानं तो दोनदा आपटला आणि गिळला.

"घावला! घावला शेठ!" सखाराम नाचायलाच लागला.

मी आत पळालो. नुसता हात करून दाखवत होतो. तू भिंतीला धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "घेतला?" मी मान हलवली. मग तू पहिल्यांदा रडलीस. मुगाचं पाणी मी केलं, खारट झालं, तू ते सगळं प्यालीस. माझा जीव भांड्यात पडला. आणि त्याच क्षणी ठरवलं, आता हिला सांगायचं. पण तू इतकी दमलेली होतीस. उद्या सांगू म्हटलं.

पंधरवड्यानं तूच म्हणालीस, "बाजारात नको हा. इथं मांजरं, इथं पत्रे, इथं माणसांच्या खांद्यावर बसायची सवय. सखारामच्या शिवारात सोडू." पहाटे बैलगाडीनं निघालो. टोपलीवर फडकं बांधून तू ती मांडीवर धरली होतीस. वाटेत मी दहा वेळा म्हटलं, आत गुदमरला तर नाही ना, जरा फडकं वर कर. बोरीत पोचलो तेव्हा सखारामकडे खुरपणी चालली होती. बायका ओळीनं पुढे सरकत होत्या आणि त्यांच्यापुढे किडे उडत होते, वर पाच-सहा कोतवाल झेपा घेत होते. तू फडकं सोडलंस. तो काठावर आला, इकडेतिकडे बघितलं आणि बाभळीवर गेला. तू टोपली उलटी करून झटकलीस आणि म्हणालीस, "चला, निघू. ऊन चढतंय." मला अजून थांबायचं होतं. परतताना गाडीत मी सारखा मागे बघत होतो. तू पुढे बघत होतीस.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते तुला माहीत आहे. दर बाजारी सखारामला विचारायचो. तो म्हणायचा, "हाय की. लई माजलाय. घारीला हुसकावतो." माझा विश्वास बसेना. मला वाटायचं, हा आपला मला धीर देण्यासाठी सांगतोय. शेवटी तूच म्हणालीस, "जाऊन बघून या एकदाचं," आणि माझ्याबरोबर आलीस. मी बाभळीखाली उभा राहून अर्धा तास हाका मारल्या. म्हशीच्या पाठीवर एक कोतवाल बसला होता, तोच असावा. मी जवळ गेलो तर उडाला. तू जवळ गेलीस तरी उडाला.

"ओळखलं नाही मला," तू म्हणालीस. आणि हसलीस. "बरं झालं."

मग तू आणि सखारामची बायको गिरजा विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं तिथे, बसून बोलत होतात. मी अजून वर बघतच होतो.

दरवर्षी संवत्सरीला आपण एकमेकांची क्षमा मागतो. पेठेतल्या सगळ्यांची, नोकरांची, ज्यांच्याशी वर्षात बोलणंही झालं नाही त्यांचीही. घरात तू नेहमी आधी यायचीस. हात जोडून म्हणायचीस, "कळत-नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा करा." मीही हात जोडायचो आणि तेच शब्द म्हणायचो. कळत-नकळत. काही. असेल तर. नऊ संवत्सरी झाल्या. 'केली क्षमा' असं म्हणून झाल्यावरही तू थोडी थांबायचीस, लगेच वळायची नाहीस. मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून थांबते.

आता काल काय झालं ते सांगतो. गिरजा बोरीहून आली होती. पुष्कळ रडली. जायला उठली आणि परत बसली.

"शेठ, एक इचारू? शेठाणी तुमाला त्या डबीचं कदी बोलल्या का?"

"कसल्या डबीचं?"

"तपकिरीच्या. पाखरू टोपलीत व्हतं तवा तुमची डबी घासाय घेतली, आन् आत नाकतोड्याची तंगडी घावली म्हनं त्यास्नी."

माझा हात खिशातल्या डबीकडे गेला.

"आमच्या हिरीवर बसून सांगितलं त्यांनी. म्या म्हनलं, मंग बोलला का न्हाई? तर म्हनल्या, बोलले तर त्यांना थांबावं लागंल आन् पाखरू मरंल. गप ऱ्हायले तर त्यांच्या पापात माझा बी वाटा. मंग म्हनलं, वाटाच घ्यावा."

"आणि उपास?" मला विचारल्याशिवाय राहवेना.

गिरजानं पदरानं डोळे पुसले. "म्हनल्या, पाखराचं काय न्हाई गं, त्ये भुकेनं शिकंल. ह्यांचा हात थांबंना. म्या उपाशी ऱ्हायले तर तरी थांबंल. म्या हाय तवर कुनाला सांगू नगंस म्हनल्या व्हत्या. आता सांगितलं. चुकलं असंल तर माफी करा."

ती गेल्यावर मी तसाच बसून राहिलो. दुकान उघडलं नाही. शेजारून पोळ्या आल्या, त्या तशाच झाकून ठेवल्यात.

तुला माहीत होतं. बायकांना 'मुगावर वाढला' सांगत होतीस तेव्हाही माहीत होतं, म्हणजे माझी लाज झाकायला तू, जन्मात खोटं न बोललेली बाई, खोटं बोलत होतीस. आणि चौथ्या दिवशी दुपारी मी तुला ते वाक्य ऐकवलं, तेव्हाही माहीत होतं. तू म्हणू शकली असतीस, आणा ती डबी इकडे. एवढे चार शब्द. मी जमिनीत गेलो असतो. ते तुला नको होतं. तुला फक्त माझा हात थांबायला हवा होता, आणि त्यासाठी तू आणखी तीन दिवस उपाशी राहिलीस. आणि मी तुला तुझ्या पोरीवरून बोललो.

मला तुझा राग येतोय, जडाव. एकदा तरी सांगायचंस. नऊ वर्षं मी एकटा हे ओझं घेऊन फिरत होतो आणि तू शेजारी बसून बघत होतीस. का नाही सांगितलंस? मी स्वतः सांगेन म्हणून थांबली होतीस ना? दरवर्षी हात जोडून उभी राहायचीस ती त्यासाठीच ना? आणि मी तुझ्या गुडघ्यांना तेल चोळायला सांगत होतो!

संवत्सरीला अजून दीड महिना आहे. तोवर मी थांबत नाही. आणि 'कळत-नकळत' म्हणत नाही. सखारामनं थांबा म्हटलं असताना फांदी तोडली, ती कळत. डबी तुझ्यापासून लपवली, कळत. तू उपाशी असताना त्याला भरवत राहिलो, कळत. आणि सोडता येत नव्हतं मला, बोल लावला तुला, तोही कळत. या चारही गोष्टींची मी हात जोडून तुझी क्षमा मागतो. यावर तू काय म्हणायचीस ते मला तोंडपाठ आहे, पण ते तू म्हणायला हवं होतंस.